मराठीचा उतारा, कविता आणि अलंकार: नववी-दहावीची मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. खालचे प्रश्न मुलांनी वर्गात, जिन्यात, परीक्षेच्या आदल्या दिवशी फोनवर विचारलेले आहेत. काही त्यांच्या आईवडिलांचे आहेत. उत्तरं बोर्डाच्या कृतिपत्रिकेला धरून आहेत, पण सगळीच गुणांसाठी नाहीत. गुणांचा आराखडा तुमच्या वर्षाचा पाहून घ्या, तो मध्येच बदलतो.

उतारा आधी वाचायचा की प्रश्न आधी?

उतारा. प्रश्न आधी वाचले की डोळे फक्त तेवढेच शब्द शोधत फिरतात आणि उतारा राहतो बाजूला. चौकटी भरून होतात, पण ‘कारणे लिहा’ला गाडी अडते, कारण कारण एका वाक्यात नसतं, तीन वाक्यांत पसरलेलं असतं. एकदा सलग वाचा, पेन्सिल खाली ठेवून. मग प्रश्न, मग पुन्हा उतारा. या वेळी पेन्सिल हातात.

वाचलेलं मला खरंच कळलं की नाही, हे मी कसं ओळखू?

माझी एकच कसोटी आहे आणि वर्गात ती ऐकून मुलं कंटाळलेली आहेत: बोट कुठे ठेवलंस? उत्तर तोंडात आलं की ते कोणत्या शब्दावरून आलं, तिथे बोट ठेवायचं. ठेवता आलं तर कळलं. बोट हवेतच राहिलं तर ते उत्तर उताऱ्यातलं नाही, तुमच्या डोक्यातलं आहे.

वर्गासाठी मी लिहिलेला हा छोटा उतारा घ्या.

‘दुपारी तीनची एसटी गेली तरी आजी फाट्यावरच बसून होती. पानपट्टीवाल्याने दोनदा विचारलं, “आजी, कुठं जायचंय?” आजीने मांडीवरचा डबा सरळ केला. “जायचं नाही बाबा. यायचंय कुणीतरी.” पाचची गाडी आली, निम्मी रिकामी. आजी उठली, पदर सारखा केला. गाडी धुरळा उडवत पुढे गेली. पानपट्टीवाल्याने दिवा लावला, तसा आजीने डबा त्याच्या फळीवर ठेवला. “बेसनाचे आहेत. ठेवून खवट व्हायचे. तू खा.”’

पहिला प्रश्न: डब्यात काय होतं? ‘लाडू’ असं सगळे लिहितात आणि ते बरोबरच आहे. पण ‘लाडू’ हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही, पाहा. ‘बेसनाचे’ आणि ‘खवट’ या दोन शब्दांवरून तुम्ही तो आणलात. म्हणजे अनुमान काढणं तुम्हाला येतं, फक्त आपण ते करतो आहोत हे ठाऊक नसतं.

दुसरा प्रश्न: आजी कुणाची वाट पाहत होती? इथे अर्धा वर्ग ‘शहरात गेलेल्या मुलाची’ लिहितो, काहीजण ‘नातवाची’. एकाने तर वृद्धाश्रमांच्या वाढत्या संख्येवर सहा ओळी लिहिल्या होत्या. बोट ठेवा म्हटलं की सगळे गप्प. उताऱ्यात ‘कुणीतरी’ एवढंच आहे. तेव्हा उत्तर असं: ती कुणाची वाट पाहत होती हे उताऱ्यात सांगितलेलं नाही. मात्र ते माणूस जवळचं असावं, कारण त्याच्यासाठी ती खाऊ घेऊन आली होती आणि गाडी येताच तिने उठून पदर सारखा केला.

तिसरा प्रश्न: आजीने आशा सोडली होती का? आता मजा आहे. त्या दिवसापुरती सोडली, असं म्हणता येतं. बोट ‘डबा त्याच्या फळीवर ठेवला’वर. कायमची सोडली, असं म्हणता येत नाही. आणि ‘ठेवून खवट व्हायचे’वरून लाडू बरेच दिवसांचे असावेत, म्हणजे ही वाट पाहणं आजचंच नसावं, असं कुणी म्हणालं तर मी ते ‘बहुधा’ या शब्दासह मान्य करीन.

म्हणून माझी मुलं समासात तीन खुणा करतात. ओळीत लिहिलेलंच असलं तर बरोबरची खूण, ओळींवरून काढता येत असलं तर बाण, आणि ओळीत नसून मनात आलेलं असलं तर गोल. गोलातलं ‘स्वमत’साठी राखून ठेवायचं, आकलनात घालायचं नाही.

उत्तर उताऱ्यातल्याच शब्दांत लिहू की माझ्या?

चौकटी, जोड्या, ओघतक्ता यांना उताऱ्यातलेच शब्द. तिथे उगाच प्रतिशब्द शोधून हुशारी दाखवू नका. कारणं आणि स्पष्टीकरण स्वतःच्या वाक्यात, पण आधाराचा शब्द उताऱ्यातला. अख्खी चार वाक्यं उतरवली की तपासणाऱ्याला एवढंच कळतं की उत्तर या परिसरात कुठेतरी आहे असा तुमचा अंदाज होता.

शब्दच माहीत नसेल तर?

थांबू नका, पुढे जा. शेजारचे शब्द मदत करतात. बहिणाबाई चौधरींची ही ओळ पाहा: ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’. ‘वढाय’ शहरातल्या मुलांना माहीत नसतो. पुढे काय आहे? ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर’. जे ढोर हाकललं तरी पुन्हा पिकात शिरतं, ते कसं? ओढाळ. झाला अर्थ. बहिणाबाईंची बोली खानदेशातली, त्यामुळे आपल्या ‘ओढाळ’चं तिथे ‘वढाय’ होतं. तसंच त्यांच्या ‘मियते भाकर’मधलं ‘मियते’ म्हणजे मिळते. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो हे एकदा लक्षात आलं की पुढचे दहा शब्द आपोआप उलगडतात. जळगाव-भुसावळकडच्या मुलांना हे सांगावंच लागत नाही. उलट या कवितेच्या तासाला तीच मला शिकवतात.

विषय, आशय आणि मध्यवर्ती कल्पना एकच ना?

नाही. वरच्या उताऱ्याचा विषय ‘वाट पाहणं’. आशय म्हणजे त्यात काय काय घडतं आणि जाणवतं, ते थोडक्यात. मध्यवर्ती कल्पना म्हणजे त्या विषयाबद्दल उतारा काय म्हणतो. ती पूर्ण वाक्यातच लिहावी लागते: ‘येणारं माणूस आलं नाही तरी त्याच्यासाठी जपलेली माया वाया जात नाही, ती समोरच्याला मिळते.’ एका शब्दात उत्तर दिलंत, तर तुम्ही विषय सांगितला आहे.

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांत माझा नेहमी गोंधळ होतो. सोपी युक्ती?

व्याख्या पाठ करू नका. एकच भाकरी घ्या आणि ती चंद्राशेजारी ठेवा. भाकरी उपमेय, म्हणजे जिची तुलना करायची ती. चंद्र उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो.

भाकरी चंद्रासारखी गोल आहे: उपमा. दोघं वेगळे आहेत, फक्त सारखे.
ही भाकरी म्हणजे जणू चंद्रच: उत्प्रेक्षा. तोच असावा असं वाटतंय.
तव्यावरचा भाकरीचंद्र टम्म फुगला: रूपक. आता दोन वस्तू उरल्याच नाहीत.
ही भाकरी नव्हेच, हा चंद्र आहे: अपन्हुती. भाकरीला चक्क नाकारलं.
या भाकरीपुढे चंद्र फिका: व्यतिरेक. भाकरी वरचढ ठरली.
या भाकरीसारखी हीच भाकरी: अनन्वय. तुलनेला दुसरं कुणी सापडलंच नाही.

बघा, वस्तू त्याच दोन आहेत. बदलतं ते त्यांच्यातलं अंतर. अलंकार ओळखताना ‘कोणता शब्द आहे’ यापेक्षा ‘दोघांत अंतर किती आहे’ हे विचारा.

व्यतिरेकाचं सगळ्यात देखणं उदाहरण ज्ञानेश्वरीत, सहाव्या अध्यायात आहे. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके’. बोल उपमेय, अमृत उपमान, आणि बोट ठेवायचं ‘पैजां जिंके’वर. पैज लावून जिंकतो म्हटल्यावर ही उपमा कशी असेल?

‘जसा’, ‘जणू’ दिसलं की डोळे मिटून लिहून टाकू का?

बऱ्याचदा जमेल, आणि म्हणूनच एके दिवशी फसाल. बहिणाबाईंच्याच दोन ओळी शेजारी ठेवा. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ यात ‘जसा’ आहे, म्हणून उपमा. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ यात तसा शब्दच नाही. मन ढोरासारखं नाही, मनच ढोर आहे: रूपक. उलट ‘जसा तू म्हणालास तसा मी आलो’ यात ‘जसा’ आहे पण अलंकार नाही. दोन वेगळ्या वस्तूंची तुलनाच नाही, तर अलंकार कुठला?

दृष्टान्त म्हणजे फक्त उदाहरण का?

उदाहरणच, पण पटवून देण्यासाठी शेजारी ठेवलेलं. तुकोबा आधी मागणं मागतात, ‘लहानपण देगा देवा’, आणि मग दाखले देतात: मुंगीला साखरेचा रवा मिळतो, ऐरावताला अंकुशाचा मार. एकावरून सर्वसाधारण नियम काढला किंवा नियम सांगून त्याला दाखला दिला की तो अर्थान्तरन्यास. यापेक्षा खोलात दहावीला जायची गरज नाही.

वृत्त ओळखायला गण पाडतो, तरी चुकतं. का?

बहुतेक वेळा लघु-गुरू (अक्षर आखूड म्हणायचं की लांब) चुकलेलं असतं, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) नव्हे. मनाच्या श्लोकांची पहिली ओळ सोडवून दाखवते.

‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’. अक्षरं मोजा: ग णा धी श जो ई श स र्वां गु णां चा. बारा. आता तीन-तीनचे गट: गणाधी, शजोई, शसर्वां, गुणांचा. पहिल्या गटात लघु, गुरू, गुरू. हा य गण. दुसरा तसाच. तिसऱ्यात मुलं अडतात, कारण ‘स’ ऱ्हस्व दिसतो, म्हणून ते लघु मांडतात आणि सगळं कोसळतं. ‘सर्वां’ मोठ्याने म्हणा. ‘र्वा’चा आघात मागच्या ‘स’वर येतो, म्हणून तो गुरू. चौथाही य. य य य य: भुजंगप्रयात.

मात्र प्रत्येक जोडाक्षराआधी गुरू मांडू नका. ‘तुम्ही’ म्हणताना ‘तु’वर जोर येतो का? नाही येत, तो लघुच राहतो. इथे कान लागतो, नियम पुरत नाही. म्हणून वृत्ताचा अभ्यास मनातल्या मनात करू नका. घरचे वैतागले तरी चालेल.

ओवी आणि अभंग यांतला फरक एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात नाही जमणार, पण एका अभंगात जमेल. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां’. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक: विटेवरी, कटावरी. हा मोठा अभंग. लहान अभंगात दोनच चरण असतात, साधारण आठ-आठ अक्षरांचे. ज्ञानेश्वरीतल्या ओवीला अक्षरांचं असं बंधन नाही. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक असतं आणि चौथा आखूड, बिनयमकाचा असतो. वर दिलेल्या ओवीचं पुढचं अर्ध पाहा: ‘ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन’. कौतुकें, जिंके, रसिकें, आणि मग ‘मेळवीन’ मोकळं.

कवितेत मरण आलं की करुण रस, युद्ध आलं की वीर रस, बरोबर?

चूक, आणि अगदी नेहमीची चूक. रस प्रसंगावरून ठरत नाही, प्रसंगातून जागणाऱ्या स्थायीभावावरून, म्हणजे मनातल्या मूळ भावनेवरून ठरतो. शोक जागला तर करुण, उत्साह जागला तर वीर, भीती वाटली तर भयानक, किळस आली तर बीभत्स. एकाच रणांगणावर हे चारही सापडतात. जाता जाता: भरताच्या नाट्यशास्त्रात रस आठच आहेत, नववा शांत रस नंतर धरला गेला.

कथेतला ‘मी’ म्हणजे लेखकच ना?

‘निवेदक’ म्हणा, म्हणजे फसणार नाही. लेखक पन्नाशीचा असून कथेतला ‘मी’ आठ वर्षांचा असू शकतो. तो खोटं सांगू शकतो, त्याला अर्धवट कळलेलं असू शकतं. आत्मकथनाची गोष्ट वेगळी, तिथे मी म्हणजे लेखकच.

वाच्यार्थ, लक्ष्यार्थ, व्यंग्यार्थ: हे परीक्षेपुरतंच आहे का?

घरात रोज वापरता. ‘बाबा ताटावर बसलेत’ म्हटल्यावर तुम्ही ताट वाकलं का ते बघायला जात नाही. शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे वाच्यार्थ, जुळत नाही, म्हणून जवळचा घेता. ही लक्षणा. आई ‘सात वाजले’ म्हणते आणि तुम्ही मोबाइल ठेवता. सात खरंच वाजलेले असतात, पण ऐकू येतं ते वेगळंच. ही व्यंजना.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौज हरली. त्यानंतर पेशव्यांना सावकारी भाषेतला निरोप मिळाला असं सांगतात: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. वरवर पाहता हा व्यापारातला तोटा. पण दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मला स्वतःला ‘मोती’पेक्षा ‘खुर्दा’ जास्त लागतो. मोत्यांना निदान मोजलं तरी. सुटी नाणी कुणी मोजली नाहीत, आणि प्रत्येक नाणं कुणाच्या तरी घरचं होतं.

रसग्रहण लिहायला घेतलं की ‘ही कविता मला खूप आवडते’च्या पुढे जातच नाही.

चार गुणांचा प्रश्न आहे आणि त्यात तीन गोष्टी हव्या असतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. गाइडांत या तिन्हींसाठी तयार वाक्यं असतात, ‘कवीने साध्या, सोप्या, ओघवत्या भाषेत’ वगैरे. मी दहावीत असताना अशी बारा वाक्यं पाठ केली होती. पेपरात ती घाईघाईने उतरवली आणि घरी आल्यावर लक्षात आलं, जिच्याबद्दल ती होती ती कविता आलीच नव्हती. गुण मात्र पडले होते. म्हणजे ती वाक्यं कुठल्याच कवितेची नव्हती.

त्याऐवजी कवितेतली एक गोष्ट मोजा. कुठलीही. बालकवींची ‘औदुंबर’ आठच ओळींची आहे. तिच्यातले रंग मोजा: हिरवाळी, निळासांवळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणं, काळा डोह, आणि शेवटी लाटांवरचा काळिमा. हिरव्यापासून निघून आपण काळ्यापाशी पोचतो. नजर झऱ्यावरून गावाकडे, गावातून पायवाटेवर, पायवाटेने डोहाकडे उतरते. आणि तिथे ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’.

काव्यसौंदर्यात इथे चेतनगुणोक्ती लिहा, झाड माणसासारखं पाय सोडून बसलंय. (‘मॅडम, झाड सजीवच असतं ना?’ असं दरवर्षी एकजण विचारतो. असतं. पण माणसासारखं बसत नाही.) पुढचा वाद वर्गात खरा रंगतो. तो औदुंबर उदास आहे की शांत? काळ्या डोहामुळे मुलं उदास म्हणतात. मग मी आधीच्या ओळीतल्या ‘गोड काळिमा’कडे बोट दाखवते. काळिमा आणि गोड? दोन्ही बाजू लिहिता येतात, पण ‘गोड’ हा शब्द वगळून कुठलीच बाजू पूर्ण होत नाही. एवढं लिहिलंत तर ‘ओघवती भाषा’ लिहायची वेळच येणार नाही.

स्वमतात विरोधी मत लिहिलं तर गुण जातात का?

आधार दिलात तर जाऊ नयेत. मत एका वाक्यात, आधार दोन-तीन वाक्यांत, त्यातला एक तरी पाठातला. सुविचाराने शेवट करायची सवय सोडा.

मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. मराठी अस्खलित बोलते, पण उतारा कळत नाही. काय करावं?

२०२० च्या कायद्यानंतर राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हापासून हा प्रश्न वाढलाय. बोलायची मराठी तिला येते, छापील मराठीची लांब वाक्यं तिला दमवतात. रोज दहा ओळी तिने तुम्हाला वाचून दाखवाव्यात, तुम्ही तिला नव्हे. पेपरातली स्थानिक बातमी, लग्नपत्रिका, सोसायटीची नोटीस, काहीही चालेल. नोटीस तर फारच उत्तम: ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘नोंद घ्यावी’ हे सगळं तिथेच भेटतं. चुकल्यावर लगेच सुधारू नका. वाक्य संपू द्या आणि विचारा, ‘कुणी काय केलं?’ कर्ता आणि क्रियापद सापडलं की मधला पसारा आपोआप जागेवर बसतो.

माझं उत्तर आणि सरांचं उत्तर वेगळं आलं तर?

आकलनाचं असेल तर दोघांनी बोट ठेवायचं, ज्याचं ठेवता येईल त्याचं खरं. फाट्यावरच्या आजीचा उतारा मी लिहिला, त्यामुळे त्यातलं सगळं मला माहीत आहे असा माझा समज होता. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने ‘निम्मी रिकामी’वर बोट ठेवलं. म्हणाली, ‘मॅडम, गाडीला जागा होती. म्हणजे गर्दीमुळे यायला जमलं नाही असं आजी स्वतःला सांगूसुद्धा शकत नाही.’ मी ते दोन शब्द केवळ पाचची गाडी तीनच्या गाडीहून वेगळी दिसावी म्हणून घातले होते.